जुन्या किऑस्कच्या कोडमध्ये ४१२ ग्लोबल व्हेरिएबल्स! कुठून हात घालू?

खटपटराव | शनिवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी.

एका जिल्ह्याच्या गावी छोटंसं संग्रहालय आहे. मडकी, शिलालेखांचे ठसे, जुनी शेतीची अवजारं. दारातच एक टचस्क्रीन किऑस्क आहे, २००२ पासून चालू. आत विंडोज एक्सपी आणि त्यावर मॅक्रोमीडिया डायरेक्टर ८.५ या मल्टिमीडिया सॉफ्टवेअरमध्ये बनवलेला प्रोजेक्टर (म्हणजे स्वतंत्र चालणारा प्रोग्राम). हार्डडिस्क आता कुरकुरायला लागलीय, म्हणून हे सगळं नव्या मशीनवर ब्राउझरमध्ये चालेल असं करून द्यायचं काम माझ्याकडे आलंय. पैसे यथातथाच, पण विषय आवडला आणि हो म्हणून बसलो.

मूळ कोड लिहिणारे गृहस्थ कुठे असतात कुणालाच माहीत नाही. नशिबाने कपाटात एक सीडी सापडली. तिच्यात .डीआयआर फाइली आहेत, म्हणजे कोड दिसतो. (.डीएक्सआर, म्हणजे कुलूपबंद असत्या तर संपलंच होतं.) एकूण ११ मूव्ही (डायरेक्टरच्या फाइलीला मूव्ही म्हणतात). व्हर्च्युअल मशीनवर डायरेक्टर उघडला, कास्टमधल्या (चित्रं, आवाज, कोड यांच्या साठ्यातल्या) एकेका मेंबरचा स्क्रिप्टटेक्स्ट वाचून फाइलीत लिहिणारा छोटा हँडलर (फंक्शन) केला आणि सगळ्या ढिगात 'ग्लोबल' शब्द शोधला. वेगवेगळी ४१२ नावं निघाली, म्हणजे कोडमध्ये कुठूनही वाचता-बदलता येणारी ४१२ व्हेरिएबल्स. चहा गार झाला माझा.

काही नमुने बघा (फोनवरून लिहितोय, कळफलक बदलायचा कंटाळा, म्हणून कोडही देवनागरीत): जीलँग, जीलँग्वेज, जीलँगटेम्प, जीएक्स, जीएक्स२, जीजुनाएक्स, जीसनईव्हॉल्यूम, जीपरतजा, जीमामा. आणि जीआय. होय, लूपमधला आयसुद्धा ग्लोबल.

पहिल्या दोन मूव्ही मी जावास्क्रिप्टमध्ये ओळीला ओळ आणल्या. चालतात, पण मधूनच मराठीची इंग्रजी होते आणि क्विझचा स्कोअर कधीकधी 'नॅन' (म्हणजे 'हा आकडाच नाही') दाखवतो. आता उरलेल्या नऊ आणायच्या आधी हे आवरू, की सगळं आणून मग आवरू? वाडा पाडून बांधायचा की डागडुजी करायची, असा पेच आहे.

-----

पिंपळपार | शनिवार, रात्री ११:४१

नॅन म्हणजे आजी का? आजीला क्विझ खेळू द्या की.

-----

डीबगदादा | रविवार, सकाळी ७:०५

सोपं आहे. 'स्टेट' नावाचा एक ऑब्जेक्ट करा आणि सगळे ४१२ त्यात टाका. स्टेट.लँग, स्टेट.एक्स असं. एका दिवसाचं काम. ग्लोबल एकच राहील.

-----

ओवी_क | रविवार, सकाळी ८:३०

डीबगदादा, हे म्हणजे अंगणात पसरलेले कांदे गोणीत भरण्यासारखं झालं. अंगण स्वच्छ दिसतं, पण सडका कांदा आतच आहे आणि आता तर दिसतही नाही. आधी 'जीएक्स कोण बदलतंय' हे शोधावं लागायचं, आता 'स्टेट.एक्स कोण बदलतंय' ते शोधावं लागेल.

मी युनिटीत (गेम बनवायचं इंजिन) काम करते. आमच्याकडे हेच पाप 'गेममॅनेजर' नावाने होतं. एक सिंगलटन (अख्ख्या खेळात एकच असणारा ऑब्जेक्ट), सीन बदलला तरी मरू नये म्हणून डोंटडिस्ट्रॉयऑनलोड लावलेला, आणि त्यात आवाजापासून खेळाडूच्या टोपीच्या रंगापर्यंत सगळं. एकदा प्ले मोड पटकन सुरू व्हावा म्हणून कुणीतरी डोमेन रीलोड बंद केलं. तसं केलं की स्टॅटिक व्हेरिएबल्स एका प्लेमधून दुसऱ्या प्लेमध्ये तशीच शिल्लक राहतात. दोन दिवस आम्ही 'खेळ सुरू होतानाच ३०० गुण कसे' हे शोधत होतो. आदल्या वेळचे गुण होते ते.

-----

जुनी_सीडी | रविवार, सकाळी १०:१५

खटपटराव, तुमची पोस्ट वाचून वीस-बावीस वर्षं मागे गेले. १९९८ ते २००६ मी पुण्यात शैक्षणिक सीडी-रॉम बनवणाऱ्या ठिकाणी लिंगो (डायरेक्टरची भाषा) लिहीत होते. म्हणजे हा असला कोड लिहिणाऱ्यांपैकीच मी एक. थोडं सविस्तर लिहिते, कारण नुसतं नाक मुरडून हा कोड समजणार नाही.

डायरेक्टरमध्ये तुमच्या आजच्या कोडसारखं 'इथून सुरू, इथे संपलं' असं काही नव्हतं. एक स्कोअर असायचा, काळाची आडवी पट्टी, आणि तिच्यावर प्लेहेड धावायचा. कोड तुकड्यातुकड्यांत, कुठे फ्रेमवर, कुठे स्प्राइटवर (पडद्यावर मांडलेल्या चित्रावर), कुठे कास्ट मेंबरवर चिकटवलेला. चाळिसाव्या फ्रेमवरच्या बटणाने केलेली गोष्ट दोनशेव्या फ्रेमला कळवायची कशी? ग्लोबल. १९९७ मध्ये डायरेक्टर ६ आलं आणि बिहेवियर (स्प्राइटला चिकटवायचे कोडचे तुकडे) मिळाले, त्यांना स्वतःच्या प्रॉपर्टी होत्या. पण प्लेहेड त्या स्प्राइटच्या पुढे गेला की तो बिहेवियर मेला आणि त्याच्याबरोबर त्याच्या प्रॉपर्टीही. आणि एका मूव्हीतून दुसऱ्या मूव्हीत उडी मारली की टिकायचे ते फक्त ग्लोबल. अकरा मूव्ही म्हटल्यावर त्या माणसाकडे दुसरा सोयीचा रस्ता नव्हता हो.

तुमच्या यादीत असे बरेच ग्लोबल असतील की ज्यांत नुसता एक आकडा आहे आणि तो कधीच बदलत नाही. बरोबर? ते मेंबर नंबर असणार. डायरेक्टरमध्ये युनिकोड आलं ते थेट ११ मध्ये, २००८ साली. त्याआधी मराठी मजकूर दाखवायचा तर एकतर विशिष्ट फाँट गळ्यात बांधून घ्यायचा, नाहीतर प्रत्येक ओळ फोटोशॉपात लिहून चित्र म्हणून कास्टमध्ये टाकायची. आम्ही चित्रंच टाकायचो. शेकडो. मग मध्येच एक चित्र घुसवलं की पुढच्यांचे नंबर सरकायचे, म्हणून नंबर एकदाच ग्लोबलमध्ये भरून ठेवायची पद्धत पडली.

आता तुमचे दोन बग. मला वाटतं दोन्ही भाषांतराचे आहेत.

लिंगोला लहान-मोठ्या लिपीतला फरक कळत नाही. 'जी'नंतरचा एल मोठा लिहा नाहीतर छोटा, व्हेरिएबल एकच. जावास्क्रिप्टला ती दोन वेगळी वाटतात. मूळ माणसाने कुठे मोठा, कुठे छोटा एल लिहिला असेल तर तुमच्याकडे आता दोन भाषा-व्हेरिएबल्स आहेत, एक मराठी म्हणतंय, एक इंग्रजी. अक्षरमालिकांची तुलनासुद्धा लिंगोत अशीच व्हायची, मोठा एम आणि छोटा एम सारखेच. ते 'जर' सगळे तपासा.

स्कोअरचं असं. ज्याला काहीच दिलेलं नाही ते लिंगोत व्हॉइड. व्हॉइडमध्ये १ मिळवला की १ येतो. जावास्क्रिप्टमध्ये अनडिफाइन्डमध्ये १ मिळवला की नॅन. त्या गृहस्थाने स्कोअर शून्य करायचा कंटाळा केला होता आणि लिंगोने वीस वर्षं त्याला सांभाळून घेतलं.

-----

खटपटराव | रविवार, दुपारी १२:५०

ताई, साष्टांग दंडवत. दोन्ही तसंच निघालं. सहा ठिकाणी छोटा एल, बाकी सगळीकडे मोठा. आणि स्कोअरला सुरुवातीची किंमतच नव्हती.

मेंबर नंबरवालेही खरे. मोजले तर शंभरावर आहेत.

-----

शून्यापासून | रविवार, दुपारी २:२२

अजून एक उलटा खड्डा आहे, सांगून ठेवतो. लिंगोत एखाद्या हँडलरमध्ये 'ग्लोबल' ओळ लिहायची विसरलात आणि सरळ किंमत भरली, तर गुपचूप नवं लोकल (त्या हँडलरपुरतंच) तयार होतं. ग्लोबल जिथल्या तिथे. जावास्क्रिप्टमध्ये (स्ट्रिक्ट मोड नसेल तर) घोषणा न करता किंमत भरली की गुपचूप ग्लोबल तयार होतं. आरशातली प्रतिमा! म्हणजे मूळ माणसाच्या विसरण्यामुळे जे काम होत नव्हतं, ते तुमच्याकडे होऊ लागेल. आणि कदाचित ते न होण्यावरच बाकीचं चालत असेल.

सगळ्या फाइली मॉड्यूल करा. मॉड्यूलमध्ये स्ट्रिक्ट मोड आपोआप असतो, अघोषित नाव दिसलं की तिथेच एरर.

-----

तबलजी_नाशिक | रविवार, रात्री ९:१०

विषय माझ्या दुखऱ्या नसेचा आहे म्हणून लिहितोय. थोडं अवांतर होईल.

मी हौसेने रियाजासाठी ठेका वाजवणारा एक ऑडिओ प्लगइन लिहिला, सी प्लस प्लसमध्ये. लय, ताल, चालू मात्रा, सगळं फाइलीच्या डोक्यावर ग्लोबल. माझ्या एकट्याच्या रेकॉर्डिंगमध्ये छान चालायचा. मित्राला दिला. त्याने एकाच प्रोजेक्टमध्ये दोन ट्रॅकवर दोनदा लावला, एकावर रूपक, एकावर तीनताल. एकाची लय वाढवली की दुसराही पळायला लागला! कारण होस्ट सॉफ्टवेअर प्लगइनचा कोड बहुधा एकदाच मेमरीत आणतं आणि त्याचीच दोन रूपं उभी करतं. ऑब्जेक्ट दोन, पण ग्लोबल मात्र एकच, सामाईक विहिरीसारखं.

ते निस्तरलं तर पुढचं. ध्वनीचा थ्रेड (बाकीच्या कोडला समांतर चालणारा धागा) वेगळा चालतो. १२८ सँपलचा बफर, ४४,१०० चा दर, म्हणजे साधारण २.९ मिलिसेकंदांनी तो येणार आणि पुढचा आवाज मागणार. तुम्ही तयार असा नाहीतर नसा. माझ्या खिडकीच्या कोडमध्ये ताल बदलताना दोन ओळी होत्या, आधी ताल रूपक कर, मग मात्रा १ वर आण. या दोन ओळींच्या मध्ये नेमका ध्वनीचा थ्रेड आला. ताल सात मात्रांचा आणि चालू मात्रा तीनतालाची बारावी. रूपकात बारावी मात्रा शोधायला गेला आणि स्पीकरमधून असा फाटका आवाज आला की शेजारच्यांनी बेल वाजवली. दर वेळी होत नाही हेच त्यातलं वाईट. शंभरदा बदला, एकदा होणार, आणि ते पाहुण्यांसमोर.

कुणी म्हणालं व्होलटाइल लाव. त्याने काही होत नाही, थ्रेडांच्या भांडणाशी त्याचा संबंध नाही. कुलूप लावावं तर ध्वनीचा थ्रेड कुलपापाशी ताटकळतो आणि पुन्हा तोच फाटका आवाज. शेवटी ताल आणि मात्रा एका पाकिटात घालून रांगेत ठेवायला लागलो. ध्वनीचा थ्रेड आपल्या सवडीने पाकीट उचलतो, अख्खं उचलतो.

खटपटरावांना हे लगेच लागणार नाही. पण सनई वाजतेय म्हणजे आवाजाचा भाग आहे, म्हणून सांगितलं.

-----

पिंपळपार | रविवार, रात्री ९:२५

रूपकात बारावी मात्रा! आमच्या गुरुजींनी तंबोराच फेकून मारला असता.

-----

कळसूत्री | सोमवार, सकाळी ९:४०

सगळे ग्लोबलच्या नावाने बोटं मोडतायत म्हणून जरा उलट बाजू.

लुकासफिल्मच्या जुन्या साहस-खेळांचं स्कम इंजिन (१९८७ पासूनचं) घ्या. त्यात खेळाची अवस्था क्रमांक दिलेल्या ग्लोबल व्हेरिएबल्समध्ये असायची. दार उघडलं का, किल्ली घेतली का, सगळे आकडे एका मोठ्या तक्त्यात. त्याचा फायदा काय? खेळ 'सेव्ह' करणं सोपं. तक्ता उचला, डिस्कवर लिहा. आजच्या सुंदर ऑब्जेक्टांच्या जाळ्यात सेव्ह लिहायला बसा म्हणजे कळेल. एकाने दुसऱ्याला धरलेलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि लिहायचं कुठून ते कळत नाही.

१९७३ साली विल्यम वुल्फ आणि मेरी शॉ यांनी ग्लोबल व्हेरिएबल घातक असतं असा लेख लिहिला, तेव्हापासून हे पाप मानलं जातं. पन्नास वर्षं झाली आणि लोक अजून लिहितातच, तर त्यात काहीतरी सोय असणारच ना. खटपटराव, किऑस्क वीस वर्षं चाललाय. तुम्ही आज लिहाल तो वीस वर्षं चालेल?

-----

ओवी_क | सोमवार, सकाळी १०:०२

तक्ता एका जागी असणं चांगलंच. माझा आक्षेप त्यात कुणीही येऊन लिहून जातं यावर आहे. वाचायला सगळ्यांना मोकळं, लिहायला एकच दार. नुसतं मराठी-इंग्रजी बदलायचं तरी 'भाषाबदला' नावाचं एकच फंक्शन ठेवा आणि बाकी कुणाला त्या व्हेरिएबलला हात लावता येणार नाही असं करा. मॉड्यूलमध्ये हे फुकट मिळतं, नाव बाहेर एक्सपोर्ट केलं तरी बाहेरच्यांना त्यात किंमत भरता येत नाही. मग भाषा उलटली की त्या एका फंक्शनमध्ये एक ओळ लिहा, 'मला कोणी बोलावलं'. पाच मिनिटांत चोर सापडतो.

-----

जुनी_सीडी | सोमवार, दुपारी १:३०

कळसूत्रींचं म्हणणं मला पटतं, ओवीचंही. पण या दोन्हींच्या आधी एक काम आहे. ४१२ पैकी प्रत्येकाला विचारायचं, 'तुझं आयुष्य किती?'

किऑस्कच्या संदर्भात सांगते. काही गोष्टी कधीच बदलत नाहीत. काही या मशीनच्या आहेत, उदाहरणार्थ आवाजाची पातळी. मशीन बंद करून चालू केलं तरी त्या राहिल्या पाहिजेत. काही समोर उभ्या असलेल्या माणसाच्या, म्हणजे भाषा, गुण, कोणती पानं पाहिली. तो निघून गेला की पुसायच्या. काही त्या एका स्क्रीनपुरत्या. आणि बऱ्याचशा तर एका लूपपुरत्या, त्यांनी ग्लोबल व्हायचंच नव्हतं. ग्लोबल म्हटलं की या सगळ्यांना सारखंच आयुष्य मिळतं आणि तिथून घोटाळे सुरू होतात.

मला शंका आहे की तुमच्या मुख्य मूव्हीच्या स्टार्टमूव्हीत (मूव्ही सुरू होताना चालणाऱ्या हँडलरमध्ये) पहिली ओळ 'क्लिअरग्लोबल्स' असेल. आम्ही सगळेच तसं करायचो. ती ओळ सगळ्यांना व्हॉइड करते, कुणाला सोडत नाही. म्हणजे कोणी किऑस्क सोडून गेला, दोन मिनिटं हात लागला नाही, की मुख्य मूव्हीवर उडी, क्लिअरग्लोबल्स, आणि माणसाच्या भाषेबरोबर मशीनचा आवाजही गेला.

यादी करताना आणखी एक. कोडमध्ये 'ग्लोबल' शब्द शोधून भागत नाही. डायरेक्टरमध्ये मूव्ही चालवा, प्रत्येक स्क्रीनवर थांबून मेसेज विंडोत 'शोग्लोबल्स' लिहा, जे जिवंत आहेत ते किमतींसकट छापून येतील. (त्यात 'व्हर्जन' नावाचं एक दिसेल, ते डायरेक्टरचं स्वतःचं. घाबरू नका.) ती यादी तुमच्या ४१२ शी ताडून पाहा.

-----

खटपटराव | बुधवार, रात्री १२:४८

दोन रात्री यातच गेल्या.

ताई, क्लिअरग्लोबल्स आहे. स्टार्टमूव्हीची पहिलीच ओळ! त्यामुळे दर वेळी सगळे नंबर पुन्हा भरायचे, फाइल-आयओ एक्स्ट्रा (फाइली वाचणारं जोडसॉफ्टवेअर) पुन्हा उघडायचा, म्हणून किऑस्क सुरुवातीच्या पडद्यावर येताना चार सेकंद काळा होतो. लोकांना वाटायचं बंद पडला. आणि सनईचा आवाज दर वेळी पूर्ण २५५ वर.

शोग्लोबल्समध्ये माझ्या यादीत नसलेली ४० नावं निघाली. जीपान१ ते जीपान४०. कोडमध्ये ही नावं कुठेच नाहीत! मग सापडलं: एका लूपमध्ये 'डू' वापरलाय. 'जीपान' या शब्दाला आकडा जोडायचा, ते वाक्य मजकूर म्हणून तयार करायचं आणि डू-ला चालवायला द्यायचं. लिस्ट माहीत नसलेल्या माणसाने हाताने केलेली लिस्ट. राग यावा की कौतुक करावं कळेना.

मूळ ४१२ ची वाटणी अशी झाली. कधीच न बदलणारे १३१. लूपपुरते किंवा हँडलरपुरते, म्हणजे लोकल असायला हवे होते असे ९६. एका स्क्रीनचे ८८. उघडलेल्या वस्तू, म्हणजे आवाजाचे चॅनल, एक्स्ट्राची हँडल वगैरे ३१. कुणीच न वाचणारे, मेलेले २९. समोरच्या माणसाचे २३. मशीनचे फक्त ६. आणि ८ असे की ज्यांचा अर्थ लागत नाही.

चारशेच्या डोंगरातून खरी अवस्था म्हणाल तर २३ आणि ६! चाळीस 'पान'वाले माणसाचेच, पण ती आता एक लिस्ट.

-----

डीबगदादा | बुधवार, सकाळी ७:३०

गोणीचा सल्ला मागे घेतो. माझ्या ऑफिसच्या प्रोजेक्टवर हेच करून पाहिलं. 'कधीच न बदलणारे' मध्ये टाकलेल्या एकाला कॉन्स्ट (किंमत बदलू न देणारी घोषणा) लावलं तर तीन ठिकाणी एरर आली. तीन जण गुपचूप बदलत होते त्याला.

-----

शून्यापासून | बुधवार, सकाळी ८:१५

तोच तर कॉन्स्टचा उपयोग. फक्त लिस्टला किंवा ऑब्जेक्टला कॉन्स्ट लावलं तर नाव पक्कं होतं, आतला माल नाही. तिथे फ्रीझ करा, तेही वरच्याच थराला लागतं हे ध्यानात ठेवून.

खटपटराव, जीपानची लिस्ट करताना आकडे १ पासून की ० पासून ते बघा. लिंगोच्या लिस्ट १ पासून सुरू होतात. चाळिसावं पान हरवणार तुमचं.

-----

खटपटराव | बुधवार, सकाळी ८:२०

हरवलंय आधीच. :( नांगराचं पान.

-----

तबलजी_नाशिक | बुधवार, दुपारी ४:००

ते आठ अज्ञात कोणते?

-----

खटपटराव | बुधवार, रात्री १०:३०

जीएक्स२, जीजुनाएक्स, जीपरतजा, जीके, जीकेके, जीटेस्टकाढूनटाक (नावातच लिहिलंय, काढलं नाही), जीदिवाळी आणि जीमामा.

जीदिवाळी कळलं. तारीख पाहून सुरुवातीच्या पडद्यावर पणत्या लावतो, पण तारखा २००५ पर्यंतच्याच भरल्यात. त्यानंतर किऑस्कची दिवाळी झालीच नाही. जीएक्स२ आणि जुनाएक्स म्हणजे बोट स्क्रीनवर घासलं जातंय का ते पाहायला, आधीची जागा आणि आताची.

जीमामा विचित्र आहे. क्लिअरग्लोबल्सनंतर लगेच प्रेफ्स फोल्डरमधली 'मामा' नावाची फाइल वाचतो आणि त्यातली किंमत जीमामात भरतो. फाइलीत एकच अक्षर, १. म्हणजे हा एकच ग्लोबल असा आहे की ज्याला क्लिअरग्लोबल्समधून वाचवायची त्या माणसाने आवर्जून सोय केली. आवाजाच्या पातळीलासुद्धा केली नाही ती! सुरुवातीच्या पडद्याच्या फ्रेमवर तो वाचला जातो, पण तिथून दोन हँडलर लांब काहीतरी उडी आहे, माझ्या डोक्यात शिरेना. नव्या आवृत्तीत सध्या गाळलाय.

-----

कळसूत्री | गुरुवार, सकाळी ९:००

माझं ऐका, गाळू नका. ज्याला वाचवायला कुणी फाइल लिहिली, त्याच्यामागे कारण असतं.

-----

डीबगदादा | गुरुवार, सकाळी ९:१२

की गाळा आणि बघा कोण ओरडतंय.

-----

खटपटराव | पुढच्या महिन्यातला शुक्रवार, रात्री ११:०५

धागा वर आणतोय, माफी असावी.

काल नवं मशीन बसवून आलो. २३ आणि ६ वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये, प्रत्येकाला लिहायचं एकच दार (ओवी, आभार). माणूस गेला की फक्त २३ पुसले जातात, सहांना हात लागत नाही, काळा पडदा गेला. नांगराचं पान परत आलं. दिवाळीच्या तारखा पुढच्या दहा वर्षांच्या भरून ठेवल्यात. संग्रहालयाचे लोक खूश.

निघताना दाराशी बसणारे रखवालदार जवळ आले. साठीच्या आसपासचे, किऑस्क बसवला त्या वर्षापासून त्याच खुर्चीवर आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात.

म्हणाले, "साहेब, ते वरच्या कोपऱ्यात तीनदा बोट लावायचं काढलंत का?"

मी म्हटलं, कसलं बोट?

सुरुवातीच्या पडद्यावर चाळीस सेकंदांची सनई वाजते, संपली की पुन्हा पहिल्यापासून, सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच. बनवायला आलेल्या माणसाने आठ दिवस तिथेच मामांच्या शेजारी बसून काम केलं होतं. जाताना म्हणाला, मामा, डाव्या कोपऱ्यात वर तीनदा बोट लावा, सनई गप्प बसेल. शाळेची सहल आली की पुन्हा तीनदा लावा. साहेबांना सांगू नका.

घरी येऊन पुन्हा लॅपटॉप उघडलाय. मशीनचे आता ७ झाले. नाव जीमामाच ठेवलंय.

-----

जुनी_सीडी | पुढच्या महिन्यातला शनिवार, सकाळी ६:५०

खटपटराव, लिहायचं दार कोणतं ठेवलंत त्याला?

-----

खटपटराव | पुढच्या महिन्यातला शनिवार, सकाळी ७:१५

डावा कोपरा, वर, तीनदा. दुसरं कुठलंच नाही.